तोटा कोणी सोसायचा?

एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाची किंवा बँक-अधिकाऱ्याची आयुष्यभराची पुंजी 'डिजिटल अटके'च्या बनावाखाली लुबाडली गेल्याची वार्ता प्रसिद्ध झाली, की तिच्यावरील वादाचे स्वरूप जवळजवळ ठरलेलेच असते. एक पक्ष म्हणतो, शिकलेल्या माणसाला एवढे कळू नये काय? स्वतःच्या हाताने पैसे पाठविले, आता रडून काय उपयोग? दुसरा पक्ष सरकार, पोलीस आणि बँका यांच्या नावाने बोटे मोडतो. तिसरा पक्ष सारा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारून मोकळा होतो. पूर्वीचे पासबुक आणि पैसे काढण्याची चिठ्ठी काय वाईट होती, असे तो विचारतो. तिन्ही पक्ष आवेशाने बोलतात. परंतु गुन्हेगार सापडला नाही आणि पैसा परत आला नाही, तर झालेला तोटा कोणी सोसायचा, या मूळ प्रश्नाला त्यांपैकी कोणीही हात घालीत नाही.

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. म्हणजे एका वर्षात तो तिपटीहून अधिक झाला. वर्षभरात माणसे तिपटीने मूर्ख झाली, असे कोणी म्हणणार नाही. ज्याअर्थी माणसे तीच आहेत आणि तोटा तिप्पट झाला आहे, त्याअर्थी त्याचे कारण व्यक्तीच्या बुद्धीत नव्हे, तर व्यवस्थेच्या रचनेत शोधले पाहिजे, हे उघडच आहे.

फसवणुकीची साखळी

या फसवणुकीची रीत आता सर्वपरिचित आहे. दूरध्वनी येतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा तुमचे आधारपत्र काळ्या पैशाच्या व्यवहारात वापरले गेले आहे, असे सांगितले जाते. मग पडद्यावर गणवेशधारी 'अधिकारी' अवतरतो, बनावट वॉरंट दाखविले जाते, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरच्यांनाही सांगायचे नाही, अशी आज्ञा होते. भारताच्या फौजदारी कायद्यात अशा 'डिजिटल अटके'ला कोठेही स्थान नाही. तरीही भयग्रस्त माणूस तासन् तास, प्रसंगी दिवसच्या दिवस त्या कोठडीत राहतो. लुधियानाच्या एका मोठ्या वस्त्रोद्योगसमूहाच्या वयोवृद्ध प्रमुखांनी २०२४ मध्ये अशाच प्रकारे सात कोटी रुपये गमावले. त्यांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीही दाखविण्यात आली होती. शिक्षण, अनुभव आणि प्रतिष्ठा यांचे कवच येथे पुरे पडत नाही. किंबहुना कायद्याला भिऊन वागणारा मध्यमवर्गीयच या सापळ्यात आधी अडकतो, कारण पोलिसाच्या आवाजापुढे मान तुकविण्याची त्याला जन्मभराची सवय आहे.

परंतु एवढ्यावर फसवणूक पूर्ण होत नाही. कोणी तरी खोट्या कागदपत्रांवर सिमकार्डे विकलेली असतात. कोणत्या तरी संदेशमंचावर पोलिसाचे बोधचिन्ह लावून खाते उघडलेले असते. ज्या खात्यात पैसे जातात, ते कोणत्या तरी बँकेने केवायसीचे सोपस्कार करून उघडून दिलेले असते. त्या खात्यातून पैसा काही मिनिटांत दहा-वीस खात्यांत पांगतो आणि शेवटी रोखीच्या किंवा कूटचलनाच्या रूपाने नाहीसा होतो. कालपर्यंत काही हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात आज एकाएकी पन्नास लाख येतात आणि तासाभरात निघून जातात. ही गोष्ट घरात बसलेल्या पेन्शनराला दिसू शकत नाही, बँकेच्या संगणकाला मात्र दिसू शकते. या साखळीत पाच-सहा कड्या आहेत. त्यांतील सर्वांत दुर्बल आणि सर्वांत कमी माहिती असलेली कडी म्हणजे फसविला गेलेला माणूस. आणि आजच्या व्यवस्थेत तोट्याचा सारा भार येतो तो नेमका त्याच कडीवर.

दूरध्वनीच्या पलीकडचा माणूस तरी सर्वस्वी स्वतंत्र असतो, असेही नाही. म्यानमार, कंबोडिया आणि लाओस येथील वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना डांबून त्यांच्याकडून ही कामे करवून घेतली जातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. एका टोकाला भयाने बांधलेला वृद्ध, दुसऱ्या टोकाला कुलपात बांधलेला तरुण, असे हे चित्र आहे. 'ज्याची त्याची जबाबदारी' हे सूत्र या चित्राला लावून पाहिले, म्हणजे त्याचा तोकडेपणा ध्यानी येतो.

नियमांतील भेद

भारतात या विषयावर नियमच नाहीत, असे मात्र नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेले परिपत्रक त्या काळी पुरोगामीच म्हणावे लागेल. ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या खात्यातून पैसे गेले, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असला, आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य; चार ते सात दिवसांत कळविले, तर खात्याच्या प्रकारानुसार ठराविक मर्यादेपर्यंत; आणि दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर, अशी त्याची चौकट होती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९४ हजार रुपयांच्या एका प्रकरणात भारतीय स्टेट बँकेचे दायित्व कायम ठेवले, तेही याच तत्त्वाला अनुसरून.

तथापि या परिपत्रकाने एक रेषा आखली आणि सारा घोटाळा त्या रेषेपाशी आहे. ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिली, तर तो त्याचा निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळविण्यापूर्वीचा सारा तोटा त्याच्या माथी येतो. ग्राहकाने भयाने वा भुलीने स्वतःच रक्कम पाठविली, तर तो व्यवहार 'अनधिकृत' या व्याख्येतच बसविणे कठीण. २०१७ मध्ये चोर कुलूप फोडून आत येत असे, तेव्हा ही रेषा पुरेशी होती. आता चोराने कुलूप फोडणे सोडले असून तो मालकाकडूनच दार उघडून घेतो. चोरीची रीत बदलली, पण जुन्या रेषेच्या आडून तोटा झटकून टाकण्याची सोय कायम राहिली.

गिरणीतील पट्टा आणि मोबाइलचा पडदा

यंत्रापुढे माणसाच्या निष्काळजीपणाचा हिशेब कसा करावा, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. कापडगिरण्यांत यंत्राच्या पट्ट्यात हात सापडून कामगार जायबंदी होत, तेव्हाही हाच युक्तिवाद केला जात असे: कामगाराने लक्ष का दिले नाही? इंग्रजी न्यायालयांनी तर, नोकरी पत्करली म्हणजे कामगाराने तिच्यातील धोकाही पत्करला, असा सिद्धान्तच मांडला होता. १८८१ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पुढे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तत्त्वच बदलले. काम करताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, असे त्याने ठरविले. त्याला अपवाद ठेवले ते नशेत असल्याचे, सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडल्याचे, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकल्याचे. साध्या अनवधानाला अपवादांत जागा दिली नाही.

यामागे केवळ दया नव्हती, व्यवहारही होता. दहा तास यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष कधी तरी चुकणार, हे गृहीतच धरले पाहिजे. त्याला सावधगिरीचे कितीही पाठ दिले, तरी हजारात एकाचा हात सापडणारच. उलट यंत्राला जाळी बसविण्याचा खर्च एकदाच येतो, आणि ती मालकच बसवू शकतो. अपघाताचा भुर्दंड मालकावर पडू लागला, की जाळी बसविणे त्याच्याच हिताचे होते. अमेरिकन कायदेपंडित गुइडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्ये अपघातांच्या खर्चावरील आपल्या ग्रंथात हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला: जो पक्ष सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकतो, त्याच्यावर तोटा टाकावा.

बँकांच्या बाबतीत या तत्त्वाची परीक्षा होऊन चुकली आहे. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील अनधिकृत उचलीबाबत ग्राहकाचे दायित्व, त्याने वेळेत कळविल्यास, पन्नास डॉलरपुरते मर्यादित केले. ब्रिटनमध्ये मात्र एटीएममधून न काढलेले पैसे खात्यातून वजा झाले, तर आपली यंत्रणा चुकूच शकत नाही, असे बँका बेधडक सांगत आणि ग्राहकालाच खोटे ठरवीत. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी या दोन व्यवस्थांची तुलना करून एक चमत्कारिक वाटणारा, पण अर्थशास्त्राला अपेक्षित असाच निष्कर्ष काढला. अमेरिकन बँकांनी सुरक्षेवर कदाचित कमी खर्च केला असेल, पण तो योग्य जागी केला आणि त्यांच्याकडे फसवणूक कमी झाली. ब्रिटिश बँका तोट्यापासून सुरक्षित होत्या, म्हणून सुस्त झाल्या. बेफिकिरी ग्राहकालाच जडते असे नव्हे. तोटा दुसऱ्याच्या माथी मारता आला, की ती बँकेलाही जडते.

'फुकट' सेवेची किंमत

याविरुद्ध घेतला जाणारा प्रमुख आक्षेप क्षुल्लक नाही. भरपाई मिळणारच असे कळले, की लोक बेफिकीर होतील, काही लबाड खोटे दावेही करतील, आणि बँका हा खर्च अखेर सर्वच ग्राहकांकडून वसूल करतील, असे म्हटले जाते. त्यातील पहिल्या भागाचे उत्तर अनुभवाने मिळते. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पाठवायला लावलेल्या रकमांचीही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई बँकांवर बंधनकारक केली, आणि तिचा भार पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेत निम्मानिम्मा वाटला. त्याचबरोबर शंभर पौंडांपर्यंतचा वाटा ग्राहकाकडे ठेवण्याची मुभा बँकांना दिली आणि घोर निष्काळजीपणाचा अपवादही ठेवला. १९२३ च्या कायद्याचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल. सिंगापूरने डिसेंबर २०२४ पासून बँकांबरोबर दूरसंचार कंपन्यांनाही जबाबदारीत ओढले; ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या कायद्याने समाजमाध्यमांनाही चौकटीत आणले. शिवाय ज्याने वीस लाख गमावण्याच्या भीतीत आठवडा काढला, तो भरपाईच्या आशेने पुन्हा त्या अनुभवाला सामोरा जाईल, ही कल्पना मनुष्यस्वभावाला धरून नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र खरा आहे, आणि आपल्या राजकारणाचा प्रश्न तेथेच सुरू होतो. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीने कोट्यवधी लोकांना रोखीपासून बळेच दूर लोटले. जनधन खात्यांची संख्या २०२३ मध्ये पन्नास कोटींवर गेली. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांनी दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना खुली झालेली ही व्यवस्था भारताची मोठी सिद्धी आहे, यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. सरकारने २०२४-२५ साठी लहान व्यापाऱ्यांकडील छोट्या व्यवहारांपोटी सुमारे दीड हजार कोटींचे प्रोत्साहन मंजूर केले. व्यवहार हाताळणाऱ्या बँकांना त्यातून उत्पन्न नाममात्र, म्हणून फसवणूक रोखण्यावर खर्च करण्याची प्रेरणाही नाममात्र. मग उरलेला खर्च कोण देतो? जो फसला, तो एकटाच देतो. सर्वांनी मिळून भरावयाचा विम्याचा हप्ता रद्द करून, ज्याचे घर जळाले त्याच्याकडूनच सारी रक्कम वसूल करावी, असा हा प्रकार आहे.

त्या हप्त्याचा आकार पाहण्यासारखा आहे. २०२४ मध्ये यूपीआयवरून सुमारे २४७ लाख कोटी रुपयांची उलाढाल झाली. सायबर फसवणुकीतील सारा तोटा, तो कोणत्याही मार्गाने झालेला असो, या एकट्या उलाढालीवर पसरला, तरी शंभर रुपयांमागे दहा पैशांहून कमी भरतो. नेफ्ट आणि आरटीजीएसची प्रचंड उलाढाल हिशेबात धरली, तर तो आणखी घटतो. शंभर रुपयांमागे दहा पैशांचा भार समाजाला जड नाही; तोच एकत्र होऊन एका कुटुंबावर कोसळला, की मुलीचे लग्न, आजारपण आणि म्हातारपण ही तिन्ही एका दुपारी बुडतात. जोखीम वाटून घेणे हे वित्तसंस्थांचे आद्य प्रयोजन आहे. ते सोडून त्यांनी जोखीम एकवटावी, हा उलटा न्याय झाला. अर्थात शुल्काचे नाव काढणे कोणत्याही पक्षाला परवडणारे नाही. फुकट सेवेचे श्रेय घ्यायचे आणि तिचा खर्च 'वैयक्तिक जबाबदारी' या गोंडस शब्दामागे झाकायचा, हे राजकीयदृष्ट्या सोयीचे आहे.

जागृतीची मर्यादा, लज्जेची किंमत

म्हणून सरकार जागृतीवर भर देते. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील आपल्या भाषणात 'डिजिटल अटके'विषयी सावध केले. कित्येक महिने प्रत्येक दूरध्वनीपूर्वी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील सूचना ऐकू येत असे. लोक कंटाळल्यावर जून २०२५ मध्ये ती थांबली. जागृती आवश्यक आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हा न्याय येथे पुरा पडत नाही, कारण मागच्याच्या वाटेवर दगड नवा असतो. ओटीपी सांगू नये हे लोक शिकले, तोवर पार्सलाचा बनाव आला. तो कळला, तोवर बनावट गुंतवणुकीचे गट आले. सूचना सर्वांना एकच असते, सापळा मात्र प्रत्येकासाठी बेतून शिवलेला असतो.

'तुमचीच चूक' या उद्गाराची आर्थिक किंमतही मोजली पाहिजे. फसवणुकीनंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर पुढच्या खात्यांत पैसा गोठविता येतो. २०२१ पासून चाललेल्या या यंत्रणेमुळे जुलै २०२५ पर्यंत ५,४०० कोटींहून अधिक रक्कम वाचल्याचे सरकारने सांगितले आहे. परंतु मुलगा काय म्हणेल, सोसायटीत काय तोंड दाखवू, या विचाराने माणूस मूठ झाकून बसतो. दोन-चार दिवस असेच जातात. तोवर पैसा देशाबाहेर गेलेला असतो आणि नियमांतील मुदतही उलटलेली असते. समाजाचा उपहास हा अशा रीतीने चोराचा बिनपगारी मदतनीस ठरतो.

जबाबदारीची खरी जागा

याचा अर्थ व्यक्तीवर जबाबदारीच नाही, असा नव्हे. ती कोठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. महिन्याला चार-पाच हजारांच्या लोभाने आपले बँकखाते 'भाड्याने' देणारा तरुण हा या साखळीतील भोळा प्रेक्षक नव्हे. खोट्या अंगठ्यांवर सिमकार्डे खपविणारा दुकानदार, खात्यांचे लक्ष्य गाठण्यासाठी कागदपत्रांकडे डोळेझाक करणारा शाखा-कर्मचारी, हेही नव्हेत. त्यांनी जाणूनबुजून निवड केलेली असते. फसलेल्याची निवड त्याच्याकडून हिरावून घेतलेली असते. नैतिक जबाबदारीची सारी भाषा आपण मात्र नेमकी फसलेल्यासमोर वापरतो आणि पहिल्या तिघांबाबत मौन पाळतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'डिजिटल अटके'ची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. त्यातून गुन्हेगारांचा माग लागेल, अशी आशा करता येईल. परंतु तपासाने शिक्षा होते, तोटा भरून निघत नाही.

त्यासाठी उपाय वेगळे हवेत. फसवून पाठवायला लावलेली रक्कम ही ग्राहकाची संमती मानण्याचे थांबवावे. अशा तोट्याचा ठराविक मर्यादेपर्यंतचा भार पाठविणारी आणि स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांनी वाटून घ्यावा. विशेषतः भाड्याची खाती पोसणाऱ्या बँकेला तो जाणवला पाहिजे. नव्या खात्यात प्रथमच मोठी रक्कम जात असेल, तर ती काही तास थांबवून ठेवावी, आणि ज्येष्ठ नागरिकाला इच्छेनुसार घरच्या एका विश्वासू माणसाची संमती जोडून घेण्याची सोय असावी. मुदत ठेव मोडून तासाभरात सारे पैसे अनोळखी खात्यात पाठविण्याची चपळाई कोणत्याही पेन्शनराची निकड नसते. दूरसंचार कंपन्या आणि संदेशमंच यांनी आपापल्या चुकीच्या प्रमाणात भरणा करावा. आणि या साऱ्यांसाठी मोठ्या व्यवहारांवर अल्पसे शुल्क लावावे लागले, तर ते उघडपणे लावावे. लपविलेल्या खर्चापेक्षा सांगितलेला खर्च केव्हाही न्याय्य.

गिरणीतील पट्ट्याभोवती जाळी बसली, ती कामगार अधिक सावध झाले म्हणून नव्हे. उघड्या पट्ट्याची किंमत मालकाला मोजावी लागली म्हणून. मोबाइलच्या पडद्याभोवतीही जाळी बसू शकते. तिची किंमत कोणी मोजायची, हे ठरविण्याचे टाळले जाईल, तोवर ती दरवर्षी काही हजार घरांतून, एकेका घराचे सर्वस्व घेऊन, वसूल होत राहील.